फुटपाथवरचं झाड आणि टेरेसवरचं ऊन : खडूपासून छाटणीपर्यंत सगळं

गेल्याच्या गेल्या हिवाळ्यात आमच्या टेरेसवर टोमॅटोची रोपं माझ्या खांद्यापर्यंत गेली आणि टोमॅटो किती लागले तर चार. दर झाडाला चार नाही हो, सहा झाडांना मिळून चार. नुसती उंच, बारीक, फिकट, उन्हाच्या शोधात एका बाजूला झुकलेली झाडं. मी पहिल्यांदा माती बदलली, मग शेणखत, मग कुणीतरी सांगितलं म्हणून आंबट ताक, आणि शेवटी वर बघितलं. फुटपाथवरचा पर्जन्यवृक्ष, ज्याला सगळे रेन ट्रीच म्हणतात, तो तीन वर्षांत आमच्या कठड्याच्या आत शिरला होता.

तिथून पुढे जे काही शिकले ते एका जागी लिहून ठेवतेय, कारण दर आठवड्याला कुणीतरी विचारतंच की पालिकेचं झाड आहे, बागेला ऊन येत नाही, काय करू. आमची पहिल्या मजल्यावरची टेरेस आहे, पण बंगल्याची बाग असो की तळमजल्याचं अंगण, पायऱ्या याच.

आधी कडू गोष्ट

बागेवर येणाऱ्या उन्हावर तुमचा कायदेशीर हक्क नाही. हे आधीच मान्य करा म्हणजे पुढे वेळ वाचेल. १८८२ चा भारतीय सुविधाधिकार कायदा आहे, ज्याला सगळे ईझमेंट ऍक्ट म्हणतात, त्यात इमारतीला खिडकीतून येणाऱ्या उजेडाचा आणि हवेचा हक्क वीस वर्षांच्या अखंड वहिवाटीने मिळू शकतो (समोरची मालमत्ता सरकारची असेल तर तीस वर्षं). पण त्याच कायद्याच्या १७ व्या कलमात साफ लिहिलंय की मोकळ्या जमिनीवर येणाऱ्या उजेडाचा किंवा हवेचा हक्क असा वहिवाटीने मिळत नाही. म्हणजे 'आमच्या बागेत तीस वर्षं ऊन येत होतं' हे वाक्य कितीही खरं असलं तरी त्याच्या जोरावर काही मागता येत नाही.

दुसरी बाजू म्हणजे झाड. महाराष्ट्राच्या शहरांत १९७५ चा झाडांचे संरक्षण व जतन कायदा लागू आहे आणि त्यात झाड तोडणे या शब्दाच्या व्याख्येतच जाळणं, कापणं आणि कुठल्याही प्रकारे इजा करणं आलंय. लोकांना वाटतं बुंधा कापला तरच गुन्हा, फांदी कापली तर काय होतंय. तसं नाही. आपल्या कठड्याच्या आत आलेली फांदीसुद्धा आपली आपण उडवायची नाही, परवानगी लागते. गुन्हा सिद्ध झाला तर दंड आणि कैद दोन्ही आहे. २०२१ च्या दुरुस्तीने पन्नास वर्षं किंवा त्याहून जुन्या झाडाला हेरिटेज झाड ठरवलंय, म्हणजे जुना वड-पिंपळ असेल तर प्रकरण आणखी नाजूक. गोव्यात वेगळा कायदा आहे, १९८४ चा, आणि तिथले वृक्ष अधिकारी वनखात्याचे असतात.

मग करायचं काय, तर विनंती. हक्क सांगून काही मिळत नाही, पण नीट मोजमाप करून, नेमकी फांदी दाखवून केलेली विनंती बऱ्याचदा मान्य होते. 'झाड काढून टाका' असा अर्ज घेऊन गेलात तर बहुतेक हात हलवत परत याल.

खडू घ्या

हे सगळ्यात महत्त्वाचं आणि हेच कुणी करत नाही. एक सुट्टीचा दिवस निवडा, आकाश स्वच्छ पाहिजे. सकाळी आठला टेरेसवर जा आणि सावलीची कडा जिथे पडलीय तिथे फरशीवर खडूने रेघ मारा, शेजारी वेळ लिहा. दर तासाला हेच, संध्याकाळी पाचपर्यंत. मी बसले होते तेव्हा वरच्या मजल्यावरच्या काकू गॅलरीतून म्हणाल्या, "अगं रांगोळी काढतेस का?" म्हटलं काकू, ऊन मोजतेय. त्यांनी नवऱ्याला बोलावून आणलं बघायला.

प्रत्येक रेघेसोबत मोबाईलवर एक फोटो काढा, आणि फोटोत सावली कशाची आहे तेही आलं पाहिजे, म्हणजे एक फोटो फरशीचा आणि एक सूर्याच्या दिशेला जे आडवं आलंय त्याचा. इथेच मला धक्का बसला. सकाळी साडेअकरापर्यंतची सावली झाडाची होती हे बरोबर, पण दुपारी दोननंतरची सावली झाडाची नव्हतीच, ती पश्चिमेच्या इमारतीची होती! इतके दिवस मी झाडाला शिव्या घालत होते आणि निम्मी सावली सिमेंटची. झाड समूळ काढलं असतं तरी दुपारचं ऊन येणार नव्हतं. ही गोष्ट अर्ज करायच्या आधी कळली म्हणून बरं, नाहीतर पाहणीला आलेल्या माणसाने ती दोन मिनिटांत दाखवली असती आणि मी तोंड पाडून उभी राहिले असते.

हा उद्योग वर्षातून दोनदा करा, एकदा डिसेंबरात आणि एकदा मार्च-एप्रिलमध्ये. दोन्ही आकृत्या इतक्या वेगळ्या येतात की एकाच टेरेसच्या वाटत नाहीत. सूर्याचा मार्ग दाखवणारी मोबाईल ऍप असतात, कॅमेरा आकाशाकडे धरला की कुठल्या महिन्यात सूर्य कुठून जाईल ते दिसतं, ती वापरा पण खडूला पर्याय म्हणून नको. खडूच्या रेघेशी कुणी वाद घालत नाही.

झाड कुठल्या बाजूला आहे

आता थोडं भूगोलाचं, कंटाळू नका, कारण अर्ध्या लोकांचा अर्ज इथेच निकालात निघतो.

पुणे साडेअठरा अंश उत्तर अक्षांशावर, मुंबई एकोणीसच्या जरा वर. डिसेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात पुण्यात भर दुपारीसुद्धा सूर्य क्षितिजापासून फक्त ४८ अंश वर असतो, आणि तोही दक्षिणेला. भर दुपार म्हणजे घड्याळात बारा नाही, साधारण साडेबारा, कारण आपली भारतीय वेळ मिर्झापूरजवळून जाणाऱ्या ८२.५ अंश रेखांशाची आहे आणि आपण त्याच्या बरेच पश्चिमेला. त्या वेळी सावली वस्तूच्या उंचीच्या ०.९ पट पडते. त्याच दिवशी सकाळी साडेनऊला ती जवळपास पावणेदोनपट असते. मार्चच्या एकवीस-बावीसला भर दुपारची सावली फक्त एक तृतीयांश. आणि मेच्या मध्याला एक दिवस असा येतो की सावली पायाखालीच पडते, त्यानंतर जुलैच्या शेवटच्या दिवसांपर्यंत दुपारचा सूर्य चक्क उत्तरेला असतो.

याचा अर्थ काय ते आमच्या उदाहरणाने सांगते. झाड बारा मीटर उंच, टेरेस जमिनीपासून साडेतीन मीटर वर, म्हणजे टेरेसच्या हिशोबाने झाडाची उंची साडेआठ. डिसेंबरातल्या दुपारी त्याची सावली आठ मीटरच्या आसपास, आणि बुंधा आमच्यापासून सहा मीटरवर. म्हणजे भर दुपारी सूर्य झाडामागे गेला तर सावली टेरेसवर येणारच, आणि सकाळी तर अख्खी टेरेस झाकून पलीकडे जाणार. मार्चच्या दुपारी तीच सावली तीन मीटरसुद्धा नाही. तेव्हा फक्त त्या फांद्या अडवतात ज्या खरोखर आमच्या डोक्यावर आल्यात. (झाडाची उंची कशी काढायची? एक मीटरची काठी उभी करा, तिची सावली मोजा, त्याच क्षणी झाडाची सावली मोजा, आणि त्रैराशिक मांडा. शाळेत शिकलेलं एकदा तरी कामाला आलं.)

तर दिशांचं असं आहे. झाड दक्षिणेला किंवा आग्नेयेला असेल तर तुमची तक्रार खरी आहे, हिवाळी भाजीपाला आणि गुलाब-शेवंती यांचं ऊन तेच खातं. पूर्वेला असेल तर सकाळचं कोवळं ऊन जातं, आणि ते झाडांना सगळ्यात प्रिय. पश्चिमेला असेल तर जरा थांबा, कारण एप्रिल-मेच्या दुपारी तीन वाजता जे ऊन कुंडीतल्या मुळ्या उकडतं ते अडवणारं झाड म्हणजे फुकटचं शेडनेट आहे, ते छाटून घेतलंत तर पुढच्या उन्हाळ्यात तुम्हीच हिरवी जाळी विकत आणाल. आणि उत्तरेला असेल तर भांडणात अर्थच नाही. ते फक्त मे ते जुलैच्या दुपारी सूर्याच्या आड येऊ शकतं, त्यातले दोन महिने ढगांतच जातात. उत्तरेच्या झाडामुळे बाग जळाली नाही असं मी दोघीतिघींना सांगितलंय, एकीचा प्रॉब्लेम कुंडीचं भोक बुजलेलं असणं हा निघाला.

झाड ओळखा

कारण सगळी झाडं बारा महिने सारखी दाट नसतात. बहावा, गुलमोहर उन्हाळ्याच्या तोंडाशी उघडे पडतात, कडुनिंब आणि पिंपळ फेब्रुवारी-मार्चमध्ये पानं टाकतात पण लगेच नवी पालवी येते. सप्तपर्णी आणि तो उंच सरळसोट खोटा अशोक सदाहरित, त्यांची सावली कायम. रेन ट्रीची पानं संध्याकाळी आणि ढगाळ हवेत मिटतात, म्हणून त्याच्याखाली पाऊस सरळ खाली येतो, पण हिवाळ्यातल्या स्वच्छ सकाळी, नेमकं आपल्याला ऊन हवं असतं तेव्हा, तो छान पसरून बसलेला असतो.

बुंध्यावर पालिकेच्या वृक्षगणनेचा नंबर किंवा पट्टी दिसली तर टिपून घ्या. नसेल तर जवळच्या विजेच्या खांबाचा नंबर, दुकानाचं नाव, काहीतरी खूण. बुंध्याचा घेर छातीच्या उंचीवर शिंप्याच्या टेपने मोजा. आणि झाड नक्की कुणाच्या जागेत आहे ते बघा, कारण सोसायटीच्या कंपाउंडच्या आत असेल तर अर्ज सोसायटीच्या लेटरहेडवर जातो आणि खर्चही बहुधा तुमचाच. रस्ता सार्वजनिक बांधकाम विभागाचा किंवा कॅन्टोन्मेंटचा असेल तर तिथेही एक प्रत द्यावी लागते.

नेमकं काय मागायचं

छाटणी म्हणजे एकच गोष्ट नसते. कामगारांना नुसतं 'छाटा' म्हटलं तर त्यांना सगळ्यात सोपं जे आहे ते होतं, म्हणजे शेंडा मारणं. वरून सपाट कापून टाकायचं. दिसायला ऊनच ऊन, पण त्या कापलेल्या जागी सहा महिन्यांत झाडूसारखे दहा-दहा फुटवे येतात, आधीपेक्षा दाट, आणि ते नुसते सालीला धरून असतात म्हणून पुढच्या वादळात तेच गाडीवर पडतात. शिवाय उघड्या मोठ्या जखमेतून खोड आतून कुजतं. मी जिथे आधी राहायचे तिथल्या गल्लीत एका कंत्राटदाराच्या माणसांनी गुलमोहराचा असा मुंडण केला होता, तिसऱ्या पावसाळ्यात तो अर्धा फाटून खाली आला.

तुम्हाला मागायचंय यातलं काहीतरी: विरळणी, म्हणजे आतल्या एकमेकींवर घासणाऱ्या, वाळलेल्या, गर्दी करणाऱ्या फांद्या काढणं, ज्याने सावली गाळीव होते. किंवा खालच्या फांद्या काढणं, ज्याने सकाळचं तिरपं ऊन झाडाच्या पोटाखालून आत येतं, तळमजल्याच्या बागेला हे सगळ्यात उपयोगी. किंवा एका बाजूची फांदी तिच्या जोडापर्यंत मागे घेणं. आमच्या टेरेसला खालच्या फांद्या काढून काहीही झालं नसतं कारण आम्ही झाडाच्या बरोब्बर मधल्या उंचीवर आहोत, आम्हाला बाजूच्या फांद्याच हव्या होत्या. खडूचे फोटो घेऊन बसले तर लक्षात आलं की सकाळी नऊ ते साडेअकरा सूर्याच्या आड येतात त्या फक्त तीन फांद्या. अख्ख्या झाडातल्या तीन! फोटोवर लाल रंगाने १, २, ३ केलं.

एका वेळी झाडाच्या पसाऱ्याचा पाव हिस्सा ही कमाल मर्यादा धरा, त्याहून जास्त मागूच नका.

कधी अर्ज करायचा

पालिकेची मोठी छाटणी मोहीम पावसाळ्याच्या आधी असते, मार्च ते मे, आणि तिचं लक्ष धोकादायक फांद्यांवर. त्या मोहिमेत तुमचं काम झालं तरी रेन ट्रीसारखं झाड चार महिने पाऊस पिऊन दिवाळीपर्यंत पुन्हा जागेवर. तुम्हाला हिवाळ्याचं ऊन हवंय, तर अर्ज गणपतीच्या आसपास द्या म्हणजे पाहणी दिवाळीपर्यंत आणि काम नोव्हेंबरात होईल असा हिशोब बसतो. भर पावसात जखमांना बुरशी लागते म्हणून तेव्हा नको. बगळ्यांची, ढोकरींची घरटीही पावसाळ्यात याच मोठ्या झाडांवर असतात, कावळ्यांची त्याआधी उन्हाळ्यात. १९७२ च्या वन्यजीव कायद्यात रानपक्ष्यांची अंडी फोडणं आणि घरटी विस्कटणं शिकारीच्या व्याख्येतच बसतं, त्यामुळे घरटं दिसत असेल तर पिल्लं उडेपर्यंत थांबायचं, विषय संपला.

आधी शेजारी, मग अर्ज

हे लोक विसरतात. तुमची सावली ही कुणाची तरी एसीची बचत असते. आमच्या वरच्या काकूंची बेडरूम त्याच झाडाच्या आड आहे आणि त्यांना त्यातलं एक पानही कमी व्हायला नको होतं, वर त्यांचे अहो सकाळी त्या झाडावरचा तांबट बघत चहा पितात. मी फोटो घेऊन गेले, तीन फांद्या दाखवल्या, त्यांच्या खिडकीसमोरची चौथी मी मुद्दाम सोडलीय हेही दाखवलं. काकू म्हणाल्या, "एवढंच ना, मग कर. मला वाटलं झाडच पाडतेस." अर्जावर त्यांची सही घेतली. सोसायटीच्या सेक्रेटरींचीही घेतली. विरोध करणारा माणूस पाहणीच्या दिवशी खाली उतरला तर काम थांबतं, आणि खरं सांगायचं तर थांबायलाच पाहिजे.

अर्ज

महापालिकेत उद्यान विभाग किंवा तुमच्या वॉर्ड ऑफिसचं उद्यान खातं, नगरपालिकेत मुख्याधिकाऱ्यांच्या नावे. ऑनलाईन किंवा ऍपवर तक्रार टाकली तरी कागदी अर्ज द्याच, आणि दुसऱ्या प्रतीवर आवक क्रमांकाचा शिक्का घ्या. शिक्का नाही तर अर्ज दिलाच नाही असं समजा. मुंबईत १९१६ वर फोन करूनही नोंद होते, तो नंबर मिळाला की अर्जावर लिहा.

मजकूर साधा ठेवा, असा:

प्रति, मा. वृक्ष अधिकारी, उद्यान विभाग.
विषय : रस्त्याकडेच्या झाडाच्या तीन फांद्यांची शास्त्रीय पद्धतीने छाटणी करण्याबाबत.
महोदय, आमच्या इमारतीच्या आग्नेय बाजूस फुटपाथवर पर्जन्यवृक्ष आहे (झाड क्रमांक, घेर, अंदाजे उंची). त्याच्या तीन फांद्या पहिल्या मजल्याच्या कठड्याच्या आत आल्या असून सोबतच्या फोटोत १, २, ३ अशा दाखवल्या आहेत. त्यामुळे डिसेंबर महिन्यात सकाळी नऊ ते साडेअकरा या वेळेत टेरेसवरील बागेस ऊन मिळत नाही, वेळनिहाय फोटो जोडले आहेत. फांदी क्र. २ वाळलेली असून खाली पार्किंग आहे. झाड तोडण्याची किंवा शेंडा मारण्याची आमची मागणी नाही. पाहणी करून योग्य वाटेल तेवढीच छाटणी करावी ही विनंती. शेजाऱ्यांची संमती सोबत आहे.

'तोडण्याची मागणी नाही' हे वाक्य गाळू नका. रोज झाड पाडा म्हणणारे अर्ज वाचणाऱ्या माणसाला ते वाक्य वाचून जरा बरं वाटत असावं. आणि धोका असेल तरच धोका लिहा. आमची दोन नंबरची फांदी खरंच वाळलेली होती म्हणून लिहिलं. नसताना 'कधीही पडेल' असं लिहिणारे लोक असतात, पाहणीत ते खोटं पडतं आणि मग खरंही कुणी ऐकत नाही.

पाहणीला माणूस आला की

टेरेसवर न्या. रस्त्यावरून त्यांना फक्त एक सुंदर झाड दिसतं, तुमच्या जागेवरून दिसतं ती अडचण. खडूच्या रेघा पुसू नका. चहा विचारा, पण चहाच्या पुढे काही विचारू नका. रस्त्यावरच्या पालिकेच्या झाडाचं काम पालिका करते, 'वरचे काही दिलेत तर उद्याच करून टाकू' असं कुणी म्हटलं तर लेखी परवानगीची प्रत मागा, मग आवाज आपोआप बदलतो.

आमच्याकडे आलेल्या साहेबांनी तीनपैकी एक नंबरची फांदी नाकारली. म्हणाले ती काढली तर झाडाचा तोल रस्त्याच्या बाजूला जाईल. मी वाद घातला नाही कारण खाली जाऊन बघितलं तर ते बरोबर होतं, बुंधा आधीच तिकडे झुकलेला.

उत्तर आलं नाही तर महिनाभराने आवक क्रमांक टाकून स्मरणपत्र. तरीही शांतता असेल तर आपले सरकार पोर्टलवर तक्रार, किंवा माहिती अधिकारात दोन ओळींचा अर्ज की माझ्या अमुक क्रमांकाच्या अर्जावर काय कार्यवाही झाली त्याची प्रत द्या. तीस दिवसांत उत्तर द्यावं लागतं, आणि बऱ्याचदा उत्तराच्या आधी छाटणीची गाडीच येते.

छाटणीच्या दिवशी

घरी थांबा. रजा टाका. परवानगीची प्रत आणि फोटोची रंगीत प्रिंट हातात ठेवा, कारण पाहणी करणारा माणूस वेगळा आणि करवत चालवणारा वेगळा, आणि दोघांची गाठ पडलेली असेलच असं नाही.

मोठी फांदी कापायची पद्धत तीन कापांची असते. पहिला काप खोडापासून फूटभर लांब, फांदीच्या खालून, एक तृतीयांश जाडीपर्यंत. दुसरा त्याच्या जरा पुढे वरून, म्हणजे फांदी तुटून पडते पण साल सोलत खोडापर्यंत जात नाही. मग उरलेला खुंट तिसऱ्या कापाने काढायचा, खोडाला घासून नाही, तर फांदी जिथे खोडाला मिळते तिथे मनगटासारखी फुगीर कड असते तिच्या बाहेरून. ती कड राहिली तर झाड स्वतःच जखम बंद करतं. आमच्याकडच्या दादांना मी हे सांगायला गेले तर ते हसून म्हणाले, "ताई, वरून बांधून घेतो आधी, तुमचा पत्रा फुटेल." दोरी टाकून त्यांनी फांदी अलगद उतरवली, आणि काप अगदी कडेबाहेर. पद्धत त्यांना माझ्यापेक्षा जास्त येत होती, फक्त इतर ठिकाणी ती वापरायला वेळ देत नाहीत म्हणाले. जखमेला डांबर, रंग, शेण काही फासू नका, कोरडी राहू द्या.

लाकूड पालिकेचं असतं, ते गाडीत जातं. पाला मात्र विचारलात तर बहुतेक देतात. रेन ट्रीचा बारीक पाला म्हणजे कंपोस्टला सोनं, पंधरा दिवसांत काळा होतो. मी सहा पोती भरून घेतली.

हे करू नका

बुंध्याला भोक पाडून हिंग भरणं, ऍसिड ओतणं, साल गोल सोलणं, मुळाशी गरम पाणी, मुळांवर काँक्रीट. हे सगळं लोक करतात, कुजबुजत सल्लेही देतात. गुन्हा आहे हे तर झालंच, पण वाळलेलं झाड ताबडतोब नाहीसं होत नाही. ते दोन पावसाळे तुमच्याच टेरेसवर डोकं काढून उभं राहतं, आणि आता ते पडणार हे नक्की असतं, फक्त कुणावर ते माहीत नसतं.

तोवर कुंड्यांचं काय

अर्ज ते छाटणी यात तीन-चार महिने सहज जातात. खडूच्या रेघांवरून टेरेसचे तीन पट्टे करा. पाच-सहा तास ऊन मिळतं तिथे टोमॅटो, मिरची, वांगी, गुलाब, कढीपत्ता. तीन-चार तासांच्या पट्ट्यात पालक, मेथी, कोथिंबीर, मुळा. आणि जिथे गाळीव सावलीच आहे तिथे अळू, आलं, हळद, पुदिना, पानओवा, विड्याच्या पानांचा वेल. मी हे केलं आणि त्या वर्षी अळू इतकं आलं की शेजारी वडी म्हटलं की दार लावून घ्यायला लागले.

सावलीतल्या कुंड्यांना पाणी निम्मं करा, बोट घालून माती ओली लागली तर नकोच. माझ्या निम्म्या कुंड्या सावलीने नाही, सवयीने रोज ओतलेल्या पाण्याने गेल्या होत्या. मागच्या भिंतीला पांढरा चुना द्या, उजेड परत फेकला जातो आणि फरक डोळ्यांना दिसतो. जड कुंड्यांना चाकाचे स्टँड घ्या. झाडाखालच्या कुंड्यांवर चिकट थेंब पडत असतील तर वर मिलीबग किंवा मावा आहे, पानं साध्या पाण्याने धुवा नाहीतर काळी बुरशी धरते.

छाटणीनंतरच्या डिसेंबरात मी पुन्हा खडू घेऊन बसले. एक नंबरची फांदी आहेच, त्यामुळे नऊचं ऊन अजून येत नाही, पण पावणेदहाला पहिला पट्टा कठड्यावर पडतो आणि मग साधारण दोनपर्यंत राहतो. टोमॅटो या वेळी पाच किलोच्या आसपास निघाले, त्यातले किलोभर काकूंना. कापलेल्या जागी आता फुटवे दिसायला लागलेत, बोटाएवढे. पुढच्या गणपतीला नवा अर्ज, जुन्या आवक क्रमांकाचा संदर्भ देऊन, दोन फांद्यांचा.